आधीच्या लढाईतले, नंतरच्या लढाईतले

व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना टोमणे फक्त युद्धविरोधकांकडूनच मिळाले असं नाही. माजी सैनिकांच्या क्लबात दुसऱ्या महायुद्धातली काही वडीलधारी मंडळीही ऐकवत, ‘आम्ही जिंकून आलो!’ आता लढाई कुठली, हे शिपाई थोडाच ठरवतो? ही सल घेऊन १९७८ साली व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी वेगळी संघटना काढली. तिचं तत्त्व असं, की सैनिकांच्या एका पिढीनं दुसरीला पुन्हा कधी वाऱ्यावर सोडायचं नाही. १९९१ मध्ये आखाती युद्धातून परतणाऱ्यांच्या स्वागताला व्हिएतनामवाले आवर्जून गेले. गंमत पाहा, वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनामचं स्मारक १९८२ साली झालं, कोरियन युद्धाचं १९९५ मध्ये. आणि महायुद्ध जिंकलेल्या थोरल्यांचं थेट २००४ साली. तोवर त्यांच्यातले कितीतरी जण गेले होते.