सलाइनमधलं हॉर्मोन

ट्रक आणि लोखंड बाजाराच्या आपल्या कळंबोलीत २०२१ साली सिडकोनं कपास निगमच्या गोदामात कोविड रुग्णालय उभं केलं. त्या वर्षी रेमडेसिव्हिर या औषधासाठी नातेवाइकांनी घातलेल्या खेपा कुणी विसरलेलं नाही. नव्या औषधाचं नाव कानावर आलं की पहिला प्रश्न असायचा, "मिळेल कुठं?" त्यानं गुण येतो का, हे विचारायची कुणाला फुरसत! अशाच एका औषधाबद्दल आज बोलायचं आहे, अ‍ॅव्हिप्टाडिल.

आपल्याच शरीरातल्या एका पेप्टाइड हॉर्मोनचं हे कृत्रिम रूप. २८ अमिनो आम्लांची इवलीशी साखळी. इजिप्तमध्ये जन्मलेले फुप्फुसतज्ज्ञ सामी सईद आणि स्टॉकहोमचे व्हिक्टर मुट यांनी १९७० मध्ये ती डुकराच्या आतड्यातून वेगळी काढली. मिळाली आतड्यात, पण फुप्फुसातही तिचं काम मोठं. श्वासनलिका सैल करायच्या, दाह आवरायचा. वायुकोश मिटू न देणारा स्राव ज्या पेशी तयार करतात, त्यांनाही तिचा आधार. आणि करोनाचा विषाणू शिरतो तोही याच पेशींत. तर्क इतका चोख, की मोह पडावाच.

पण रक्तात हे हॉर्मोन जेमतेम एक-दोन मिनिटं टिकतं. म्हणून ते तीन दिवस, रोज बारा-बारा तास सलाइनमधून सोडायचं. रक्तवाहिन्या सैलावल्या की रक्तदाब घसरायचा, शिवाय जुलाब. सुरुवातीच्या छोट्या अहवालांतले आकडे डोळे दिपवणारे होते. मग अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या चाचणीत अत्यवस्थ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी झाली. काहींना औषध, काहींना औषधासारखं दिसणारं नुसतं द्रावण. तीन महिन्यांत दगावणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच निघालं. मे २०२२ मध्ये या औषधाची चाचणी थांबवली.

याच चिठ्ठ्यांच्या कसोटीवर जून २०२० मध्ये स्वस्तातलं डेक्सामेथासोन मात्र उतरलं होतं. ब्रिटनमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्यानं सुमारे एक तृतीयांशानं कमी केले. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. आपल्याकडे तरीही ते घरबसल्या सर्रास घेतलं गेलं, याचा मला आजही राग येतो.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, आणि स्टेरॉइडनं रक्तातली साखर चढते. तेव्हा वॉर्डात बोट टोचून साखर बघायची आणि इन्शुलिन द्यायचं, हे दिवसरात्र चालू होतं. इन्शुलिन हेही पेप्टाइड हॉर्मोनच! त्याची बातमी कधी झाली नाही, त्याच्यासाठी रांगाही लागल्या नाहीत. साखर बेलगाम राहिलेल्या कितीतरी जणांना २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारानं गाठलं. म्हणून रुग्णाला घरी नेताना स्टेरॉइड कधी, कसं बंद करायचं आणि साखर केव्हा तपासायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. एका बाजूचा गाल दुखला, डोळा सुजला किंवा नाकातून काळसर स्राव आला, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.