मांटाच्या भेटीला



मी पाणबुड्या नव्हे; माझे आयुष्य कारखान्याच्या फाटकावर गेले. वाचून कळले तेवढे सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या दक्षिण टोकाला लेडी इलियट हे चिमुकले प्रवाळबेट आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून माणसे तेथे मांटा पाहायला उतरतात. आपल्या पाकटाचीच ती थोरली जातभाई. रुंदी दहा-बारा फूट, पण शेपटीला नांगी नाही. प्रवाळापाशी ती थबकते आणि इवले मासे तिच्या अंगावरचे परजीवी टिपतात. साफसफाईची मजुरी जागच्या जागी चुकती! पोटावरचे ठिपके प्रत्येकीचे निराळे, त्यावरूनच तिची ओळख पटते.

खरी गोष्ट वर येण्याची आहे. दाबाखाली नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस झटकन वर आला तर त्याचे बुडबुडे होतात, सांधे पिळवटतात, प्रसंगी पाय लुळे पडतात. हे दुखणे हौशी पाणबुड्यांच्या कितीतरी आधी मजुरांनी भोगले. १८७० च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुईसच्या पुलाचा पाया नदीच्या तळाशी, दाबाच्या हवेत खणताना डझनाहून अधिक मजूर दगावले. पुढे १९०८ साली हॉल्डेन यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनी प्रयोग शेळ्यांवर केले. माणसांवरचा आधीच होऊन गेला होता.

म्हणून आजचा पाणबुड्या वर येताना पंधरा फुटांवर तीन मिनिटे थांबतो. खाली मांटा फिरतच असते.