करमाफी कोणाला, परतावा कोणाला?



सुट्या तांदळावर, गव्हावर जीएसटी नाही, असे सरकारी प्रचारक वारंवार सांगतात. ते खरेच आहे. परंतु करमाफी आणि शून्य दर या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि सारी मेख तेथेच आहे.

शून्य दर असेल तर विक्रीवर कर नसतोच. शिवाय उत्पादनासाठी घेतलेल्या मालावर भरलेला करही परत मिळतो. करमाफीत हा परतावा नाही. शेतकरी रासायनिक खतावर ५ टक्के, बहुतेक रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के कर भरतो. धान्य करमुक्त, म्हणून ती रक्कम त्याला कोणी परत देत नाही. भाव ठरविणे त्याच्या हाती नाही, मग हा भार तो कोणावर टाकणार? जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी नॅपकिनवरील १२ टक्के कर रद्द झाला. स्त्रियांनी तो लढून मिळविला. तथापि कच्च्या मालावरील कर किमतीत दडून राहिलाच.

मग शून्य दर कोणासाठी? २०१७ च्या एकात्मिक जीएसटी कायद्याचे कलम १६ वाचा : निर्यातीसाठी आणि विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी! ब्रिटनसारख्या भांडवलशाही देशात मात्र १९७३ साली व्हॅट आला तेव्हापासून बहुतेक अन्नपदार्थांना व पुस्तकांना शून्य दर आहे.

म्हणून ‘जीवनावश्यक वस्तू करमुक्त करा’ एवढेच मागणीपत्रकात लिहून भागणार नाही. ‘शून्य दर’ असे स्पष्ट लिहावे लागेल. शेतकऱ्याची जीएसटीखाली नोंदणी नसते, तेव्हा परतावा त्याच्यापर्यंत कसा पोहोचवावा, हा प्रश्न किसान आघाडीतील साथींनी आधी हाती घ्यावा.