लाडावून ठेवला कोणी?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी नात पुण्याहून सुट्टीला आली, की चार नवे शब्द बरोबर आणते. यंदा तिने धाकट्या भावाला ‘ब्रॅट’ म्हटले. अर्थ विचारला, तर म्हणाली, “म्हणजे लाडावलेलं, उर्मट कार्टं!” एका इंग्रजी शब्दाला मराठीचे तीन लागले, याची मला गंमत वाटली.

मग मी आपले शब्द आठवू लागले. आगाऊ, वांड, हट्टी हे पोराचे गुण झाले. पण लाडावून ठेवलेला, चढवून ठेवलेला, डोक्यावर बसवलेला, या शब्दांत पोरामागे आणखी कोणीतरी उभे आहे. ठेवला कोणी? बसवला कोणी? तो इंग्रजी शब्द पोराला नाव ठेवून मोकळा होतो. आपले शब्द घरच्यांचा पत्ता विचारतात.

तो पत्ता मला आपल्या पेठ वडगावच्या आठवडी बाजारात सापडला. भाजीवालीला सुटे पैसे मोजायला उशीर लागला, तशी नातू ओरडला, “ए बाई, आवर की लवकर!” आपल्याकडे आईलाही ‘तू’ म्हणतात, त्याचे काही नाही. आपली बोली रांगडीच. पण रांगडेपणा निराळा आणि हेटाळणी निराळी. बाई माझ्याच वयाची. आणि मी काय केले? हसले! “भारी चुणचुणीत आहे हो,” म्हणून पिशवी उचलली. ती हसली नाही.

घरी आल्यावर ध्यानात आले, तो सूर माझाच. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मी रोज सकाळी त्याच सुरात हाक मारते.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. 1953 साली अत्र्यांचा चित्रपट आला, तो पाहून आमच्या आया पदराने डोळे पुसत. त्या आईचा मार आपल्याला आठवतो. पण कांडपाला येणारी मथुरी आजारी पडली तेव्हा तिची काळजी कोणी केली, हे आपण विसरतो. श्याम ते पाहत होता.

पुढच्या बाजाराला नातवाला घेऊन पुन्हा तिथेच गेले. त्याला काही बोलायला लावले नाही. मीच म्हणाले, “मावशी, त्या दिवशी चुकलं आमचं.” नातू माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तिने मेथीची जुडी पुढे केली आणि पैसे मोजायला, मुद्दाम असेल, चांगला वेळ लावला.