गुणांची बेरीज आणि शिक्षकाचा शेरा



निकालाच्या दिवशी घराघरांत विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘किती गुण मिळाले?’ हा असतो. ‘काय चुकले?’ असे क्वचितच कोणी विचारतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता यंत्र शिक्षकापेक्षा लवकर देऊ लागले आहे. मग दुसऱ्याचे उत्तर कोणी द्यावयाचे, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

यंत्राचे श्रेय यंत्राला दिलेच पाहिजे. २०२५ च्या नीट परीक्षेत १८० प्रश्नांना ७२० गुण होते. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. वीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी काळी केलेली वर्तुळे यंत्राने वाचली. एवढे काम माणसांच्या हातून इतक्या अल्पावधीत झाले नसते. यंत्र आडनाव पाहत नाही, वळणदार अक्षराला भुलत नाही. सायंकाळी हाती आलेल्या शेवटच्या उत्तरपत्रिकेला सकाळच्या पहिलीइतकेच लक्ष मिळते, असे मात्र कोणताही प्रामाणिक शिक्षक छातीठोकपणे सांगणार नाही.

परंतु चूक मोजणे निराळे आणि चूक समजणे निराळे. ६१२ मीटर कापड ६ दुकानांत सारखे वाटले, तर प्रत्येक दुकानाला किती येईल? उत्तर १०२. समजा, दोन मुलांनी १२ लिहिले. यंत्र दोघांनाही शून्य गुण देईल आणि ते योग्यच आहे. पण पहिल्या मुलाला, मधल्या १ ला ६ ने भाग जात नाही तेव्हा भागाकारात शून्य मांडावयाचे असते, हेच ठाऊक नाही. दुसऱ्याने कच्च्या कामात १०२ अचूक काढले, उत्तर उतरवून घेताना शून्य गाळले. एकाला भागाकार पुन्हा शिकवावा लागेल, दुसऱ्याला ताडून पाहण्याची सवय लावावी लागेल. चांगला शिक्षक कदाचित दोघांच्याही वहीत लिहील, ‘बारा सक बहात्तर; मग उरलेले ५४० मीटर कापड गेले कुठे?’ कापड दुकानातला नवशिका गुमास्ताही असा हिशेब लगेच ताडून पाहतो. ही एक ओळ मुलाला आयुष्यभर पुरते.

तरीही माणसाने लिहिले म्हणून शेरा जिवंत असतोच असे नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक व संकलित असे त्याचे दोन भाग. श्रेणीबरोबर प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी करावयाच्या. हेतू उत्तम होता. मात्र लवकरच बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळू लागल्या आणि एकच वाक्य अनेक मुलांच्या नावापुढे उतरू लागले. दोष केवळ शिक्षकांना देणे अन्यायाचे होईल. भरगच्च वर्ग आणि त्यावर कागदपत्रांचे ओझे, यात प्रत्येक मूल पाहावयाचे केव्हा?

मुंबई विद्यापीठात २०१७ साली सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी संगणकाच्या पडद्यावर तपासावयाच्या, असे ठरले. पूर्वतयारी अपुरी पडली. ३१ जुलैची मुदत टळली, निकाल रखडले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. येथे वाचणारा माणूसच होता. यंत्र केवळ कागद पोहोचवणार आणि बेरीज करणार होते. तेवढेसुद्धा घाईने साधले नाही.

नाशिककरांना शेऱ्याचे मोल निराळे सांगावयास नको. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ याच शहरात आहे. दुकान, नोकरी किंवा संसार सांभाळून दुरून शिकणाऱ्याची शिक्षकाशी रोज गाठ पडत नाही. अशा विद्यार्थ्याच्या स्वाध्यायावर संमंत्रकाने लिहिलेल्या दोन ओळी, हाच त्याचा वर्ग असतो.

तेव्हा शाळांनी पर्यायी प्रश्न खुशाल यंत्राकडे सोपवावेत. मात्र वाचलेला वेळ शिक्षकाकडून नव्या तक्त्यांसाठी काढून घेऊ नये. वर्गात ६० मुले असतील आणि शिक्षक रोज सहा मुलांना पाच-पाच मिनिटे जवळ बसवून त्यांची वही पाहील, तर दिवसाला अर्धा तास लागतो. दहा दिवसांत वर्ग पूर्ण होतो. यासाठी अनुदान लागत नाही, वेळापत्रकात जागा लागते.

समाजाच्या संस्थांचाही यात वाटा आहे. गुणगौरव समारंभाची यादी टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने लागते आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला गुणपत्रिकेची प्रत जोडली जाते. ४८ टक्क्यांवरून ६१ वर आलेल्या मुलीचे नाव अशा यादीत कधीच येत नाही. यंदापासून अर्जासोबत शिक्षकाचा शेरा असलेली एक तपासलेली वही मागवावी. समितीच्या सदस्यांनी ती उघडून वाचावी आणि त्या मुलीलाही व्यासपीठावर बोलवावे.