सुईच्या टोकाला डोळा



जळगाव-धुळ्याच्या कामगार वस्त्यांत वावरणाऱ्या माणसाने वैद्यकीय विषयावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. मी डॉक्टर नाही. आजारी सभासदांच्या उशाशी बसताना जे प्रश्न पडले, त्यांची उत्तरे शोधता शोधता जे वाचले तेवढीच माझी पुंजी. त्यांतलाच एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो : शरीरात खोल शिरणाऱ्या सुईला वाट कोण दाखवतो?

हाताची शीर बोटाला लागते. पण मानेतील मोठी शीर, मूत्रपिंड किंवा यकृतातील गाठ येथवर सुई न्यायची तर पूर्वी बोटांचा अंदाज हाच मुख्य आधार होता. अंदाज चुकला की सुई शेजारच्या धमनीत, प्रसंगी फुप्फुसात जाई. आता तेथे सोनोग्राफी मदतीला येते. कानाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडतात. तो सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातो, आतल्या पडद्यांवर आपटून परततो आणि परतायला लागलेल्या वेळावरून अंतर मोजून यंत्र चित्र काढते. भुसावळच्या रेल्वे कामगाराला यात नवल नाही. रुळाच्या पोटातला तडा याच रीतीने शोधतात. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी 1955 साली, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी बॉयलरच्या कारखान्यात नेऊन, धातूतील दोष शोधणाऱ्या यंत्रावर तपासून पाहिल्या. 1958 साली त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ही विद्या दवाखान्यात आली ती कारखान्याच्या दारातून, हे कामगारांनी विसरू नये.

साध्या सोनोग्राफीत एक अडचण आहे. ती शरीराची एक पातळ चकतीच दाखवते. आपल्या रावेरच्या केळ्यात सायकलच्या चाकाची तार तिरपी खुपसा आणि केळ्याची चकती कापा. चकतीवर तारेचा ठिपका दिसेल. पण तो टोकाचा की मधल्या भागाचा, हे त्यावरून कळणार नाही. दवाखान्यात असेच होते : ठिपका शिरेत दिसतो आणि टोक शीर ओलांडून पुढे गेलेले असते. केळे उभे चिरले तर सबंध तार दिसेल, पण सुरी जराशी बाजूला सरकली की तार नाहीशी!

त्रिमितीय सोनोग्राफी यावर उपाय शोधते. ती अनेक चकत्या झपाट्याने टिपते, आणि संगणक त्या कापडाच्या घड्यांप्रमाणे एकावर एक रचून सबंध घनाकृती उभी करतो. मग तीच सुई समोरून, बाजूने आणि वरून अशी एकाच वेळी पाहता येते. मात्र हे चित्र पुष्कळदा ढोबळ असते, हाडाआडचे आणि हवेआडचे त्यालाही नीट दिसत नाही, आणि यंत्र महाग. इंग्लंडच्या आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने 2002 साली मानेच्या शिरेत नळी घालण्यासाठी शिफारस केली ती साध्या, द्विमितीय सोनोग्राफीचीच. तेव्हा आपली पहिली मागणी साध्या यंत्राची आणि शिकलेल्या हाताची असावी.

आता आपल्या घरची गोष्ट. सातपुड्यातील भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेलचा आजार आहे. त्याच्या रोग्याला वारंवार सलाइन लावावे लागते, रक्त द्यावे लागते. पुढे पुढे हाताच्या शिरा सापडेनाशा होतात. धुळ्याचे हिरे वैद्यकीय महाविद्यालय असो की जळगावचे 2018 साली सुरू झालेले महाविद्यालय असो, गरिबाला अखेर सरकारी दवाखान्याचाच आधार.

पण याच यंत्राने आपल्याला काळिमाही लावला आहे. गर्भजलपरीक्षेची सुई सोनोग्राफीच्या आधारे गर्भाशयात जाते. गर्भातील दोष ओळखण्याची ही परीक्षा मुली खुडण्यासाठी वापरली गेली. पुढे तर सुईचीही गरज उरली नाही, नुसत्या चित्रावर काम भागू लागले. महाराष्ट्राने 1988 साली देशात प्रथम याविरुद्ध कायदा केला, आणि 1994 साली केंद्राने. तरीही 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे राज्यात मुली होत्या 894, आणि जळगाव जिल्ह्यात 842. केळी-कापसाने संपन्न म्हणविणाऱ्या जिल्ह्याचा हा आकडा आहे!

म्हणून यंत्रांच्या नोंदणीचे कुलूप योग्यच आहे. ते सैल करा असे म्हणणारा मी नव्हे. परंतु कुलूप लावले म्हणजे कर्तव्य संपले, असेही नाही. कायद्याने बंदी केली ती गर्भाचे लिंग पाहण्याला आणि सांगण्याला. सुईला वाट दाखवण्याला नव्हे. नोंदलेले यंत्र तपासणीच्या खोलीत पडून राहावे आणि पलीकडच्या वॉर्डात पोराला अंदाजाने चार वेळा टोचावे, हा कायद्याचा दोष नाही, आपल्या बेफिकिरीचा आहे.

यंत्र आले तरी हात शिकवावा लागतो. गिरणीत नव्या माणसाला एकदम चालत्या मागावर कोणी सोडत नाही. तसेच शिकाऊ डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी आधी नकली अवयवावर हात बसवावा, मग माणसाच्या अंगाला सुई लावावी. त्यासाठी त्यांना वेळ आणि शिक्षक द्यायला हवेत. ही मागणी त्यांच्या संघटनांनी करावी, आणि रोग्यांनी त्यांच्यामागे उभे राहावे.

आपल्यापैकी कोणाच्या माणसावर असा प्रसंग आला तर भिडेला बळी पडू नका. नम्रपणे पण स्पष्ट विचारा, ''डॉक्टरसाहेब, सुई पाहून घालणार की अंदाजाने?'' चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही.