कुत्री सांभाळायचं शेड टाकण्याआधी
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेली मांडणी)



मोशी, चाकण, महाळुंगे भागात कंपनीत कामाला असलेली कुटुंबं गावी निघाली, की कुत्रं कुठं ठेवायचं हा प्रश्न त्यांना पडतो. आपल्याकडे जागा आहे, जनावरं सांभाळायची सवय आहे. म्हणून पत्र्याचं शेड टाकू का, असं काही गट विचारतायत. व्यवसाय चांगला आहे, पण आधी परवानगीचं बघा.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नुसतं बांधकामच नाही, तर जागेचा वापर बदलणं हासुद्धा ‘विकास’ धरतात. घरची म्हैस बांधणं वेगळं, पैसे घेऊन लोकांची कुत्री ठेवणं वेगळं. विनापरवाना केलं तर कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड सांगितलाय. चालूच ठेवलं तर रोज दोनशे रुपयांपर्यंत आणखी. “मालकानं सांगितलं म्हणून केलं” असं म्हणून सुटका होत नाही. शिवाय कलम ५३ खाली नोटीस देऊन शेड पाडता येतं.

काही जणी म्हणतील, “आम्ही घरपट्टी भरतो, मीटर आमच्या नावावर आहे.” ती परवानगी नव्हे. पिंपरी-चिंचवडचा शास्तीकर आठवा. २०२३ मध्ये तो माफ झाला, पण त्यामुळं बांधकामं अधिकृत झाली नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेनं पत्र्याची शेड, गोदामं मोठ्या प्रमाणात पाडली, ते आपण बघितलंय. शेड गेलं तरी बँकेचा हप्ता जात नाही. गटाचं कर्ज असेल तर तो सगळ्यांच्याच डोक्यावर बसतो.

मग विचारायचं कुठं? मोशी-चिखलीला महापालिकेचा बांधकाम परवानगी विभाग, चाकण शहरात नगरपरिषद, आजूबाजूच्या गावांत पीएमआरडीए, एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसी. जाताना सातबारा आणि जागेचा नकाशा सोबत ठेवा. जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. परवानगी कुणी काढायची हे करारातच लिहा.

परवानगी मिळाली म्हणजे सगळं झालं असंही नाही. रात्रभर भुंकणं, घाण पाणी, वास यांचा शेजाऱ्यांना त्रास झाला तर सार्वजनिक उपद्रवाची तक्रार होऊ शकते. कुत्र्याला दिवसभर आखूड साखळीनं बांधणं, पाणी-सावली न देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पिल्लं पैदा करून विकायची असतील तर २०१७ च्या नियमांप्रमाणे वेगळी नोंदणी लागते.

नोटीस आलीच तर घाबरून कपाटात ठेवू नका. तारीख बघा. नोटिशीत दिलेल्या मुदतीतच बांधकाम ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. आणि बायकांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० ला फोन करा.

ज्या गटांचा विचार पक्का आहे, त्यांनी कर्जाच्या अर्जावर सह्या करायच्या आधी पुढच्या सभेला सातबारा घेऊन यावं. आपण मिळून बघू.